लाल नमुना परत न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: माझ्या यजमानांचे रक्त आहे तसेच तपासून घेण्याबाबत.
संदर्भ: प्रयोगशाळेचा शेरा, 'नमुना खराब, पुन्हा पाठवा' (सकाळी, दुपारी आणि आत्ताही).

महोदय,

मी शिलाईकाम करते, यजमान किल्ल्या बनवतात. लघवीच्या जळजळीसाठी आपल्याच रुग्णालयातून त्यांना गोळ्या मिळाल्या. जळजळ थांबली, पण लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले आणि चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. आपण दाखल करून घेतलेत, त्याबद्दल आभारी आहे.

१. सिस्टरांनी रक्त काढून पाठवले. नळीत वर सुटणारे पाणी पिवळसर हवे, ते लाल आले. प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे असा नमुना काढणाऱ्याच्या चुकीने बिघडलेला असतो, म्हणून तो न तपासताच परत येतो. पुढचेही तसेच परत आले आणि प्रत्येक वेळी सिस्टरांना बोलणी बसली. सुईची चूक मलाही कळते, साहेब. पण हात बदलला, सिस्टर बदलल्या, तरी तेच होत असेल तर एकदा कापडाकडे बघायला काय हरकत आहे?

२. ते वॉर्डातील डॉक्टरबाईंनी बघितले. नळी आणि लघवीची बाटली शेजारी धरून त्या म्हणाल्या, "अहो, नमुना ठीकच आहे. यांच्या अंगातच रक्ताच्या पेशी फुटतायत, म्हणून वरचं पाणी लाल. ती गोळी आधी बंद!" सासूबाईंच्या भावालाही एका औषधाने असेच झाले होते, हे मी सांगितले; असा दोष आईकडून मुलाला येतो, असे बाई म्हणाल्या. बाईंनी सलाइन लावून तातडीने रक्त मागवले. रक्तपेढीने जुळवणीसाठी 'चांगला' नमुना मागितला आहे.

३. मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांचे पाय धरले. त्यांनी मला प्रेमाने समजावले, "बाई, पेशंटला जरा बरं वाटू द्या, मग नमुना आपोआप चांगला येईल." इतका सोपा उपाय आम्हाला सुचला नाही, याची लाज वाटते.

४. यजमान पांढरेफटक पडले आहेत. काल डॉक्टरबाईंची थट्टा करत होते, आज पाणी मागतानाही थांबून दम घेतात. आहे ते रक्त आत फुटते आहे, उरलेले नमुन्यांत चालले आहे. मला फार भीती वाटते.

सबब, लाल नमुना हेच दुखण्याचे लक्षण समजून तो तपासावा आणि रक्त द्यावे, असा लेखी हुकूम आत्ताच व्हावा. आपण बैठकीत आहात असे शिपाई सांगतो. अर्ज दाराखालून सरकवत आहे.

आपल्या दाराबाहेर उभी असलेली,
किल्लीवाल्याची बायको

दिनांक: आजचा. उद्याचा चालणार नाही.

सोबत:
१. परत आलेली नळी.
२. लघवीची बाटली. (शिपायाने चहा समजू नये.)
३. यजमान, स्ट्रेचरवर, ऑक्सिजन आणि डॉक्टरबाईंसह, दाराबाहेर. ही मूळ प्रत आहे, दुसरी नाही. परत हवी आहे.