जिन्यातली खुर्ची

प्रिय शिबू,

तुझे अच्छन विहिरीत पोहरा सोडायचे. कप्पी कुरकुरली की मी पेजेचं आधण ठेवायचे. मग नारळ खवायचा, अंगण झाडायचं, बदकं पाण्यात सोडायची. पेज शिजेपर्यंत ते ओसरीवर बसून मोठ्याने पेपर वाचायचे आणि मी आतून त्यांच्या चुका काढायचे. चौथीत शाळा सोडलेली बायको चुका काढते म्हणून चिडायचे, आणि संध्याकाळी वाचनालयातून माझ्यासाठी आणखी जाडसं पुस्तक आणायचे. वीज होती तेव्हाही. दिवा होता, रेडिओ होता. पण वीज गेली तर आम्ही दिव्यावाचून राहायचो, घरावाचून नाही.

हे पत्र मी रागात लिहिते आहे. फोनवर मला धड रागावता येत नाही. मी आवाज चढवला की तुला तो तुटक ऐकू येतो. सोमवारी तू मला विचारलं नाहीस, सांगितलंस. महिनाअखेरीला तिरुवल्ल्याच्या त्या वृद्धांच्या घरात माझी खोली ठरली. तिथे लिफ्ट आहे, जनरेटर आहे, पापणी लवेपर्यंतसुद्धा करंट जात नाही. मी वीज मंडळाचं गिऱ्हाईक आहे की तुझी आई?

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. मोठ्या पुरात आमचे फोन बंद पडले तेव्हा आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो, पण तुला शारजात ते कळायला मार्ग नव्हता. तुझी बायको म्हणून लिजीच सांगते, तू जेवत नव्हतास. म्हणून तू वरचा मजला चढवलास. अच्छन गेले, वर्ष उलटायच्या आत मी ओल्या पायरीवर पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तू मला कायमचं वर ठेवलंस. खाली पाणी येतं म्हणून. मग विहिरीवर जाळी बसली, कप्पी काढून टाकली, मोटर आली. चूल गेली. आणि जिन्याच्या कठड्याला, बटण दाबलं की माणसाला बसल्या जागी वर-खाली नेणारी ती खुर्ची लागली. गावातली निम्मी माणसं ती बघायला आली. शेजारचा राजप्पन तर म्हणाला, "चेच्ची, एवढ्या थाटात तर आमच्या देवळातला देवही खाली उतरत नाही."

खुर्ची आली आणि व्यायाम शिकवणाऱ्या जिन्सीचं येणं तू बंद केलंस. आता खुर्ची आहे, आईला कशाला दमवायचं, असं तू तिला कळवलंस. ती पोरगी मला म्हणायची, "अम्मच्ची, पाय मेला नाही, रुसलाय. रोज बोलत जा त्याच्याशी." तू मला बसवलंस शिबू, आणि वर माझी सोय केली म्हणालास. मी तेव्हा गप्प राहिले, कारण तू दूर देशी राबतोस. आता नाही राहत.

मी विजेची वैरीण नाही. अच्छनांच्या उशाशी ते प्राणवायूचं यंत्र घुंघुं करत होतं, त्याने मला त्यांच्याबरोबरचा आणखी एक पावसाळा दिला. मी त्या यंत्राला मनातल्या मनात हात जोडलेत. पण ते गेले त्या दुपारी करंट होता. यंत्र चालू होतं, नळी जागेवर होती. ते गेल्यावरही ते चालूच होतं, मग मी उठून बंद केलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटतं करंट टिकला की माणूस टिकतो.

आता त्या दिवसाचं ऐक. परतीच्या पावसाचं, तुळम महिन्यातलं आभाळ तुला आठवत असेल, दुपारी काळं होतं आणि पहिल्या गडगडाटाला घराघरांत बायका प्लग उपटत सुटतात. कामाला येणाऱ्या ओमनाला ती सवय मीच लावली, मला अच्छनांनी. कडकडाट थांबला की ती सगळे प्लग परत लावते, पण खुर्चीचा पडद्यामागे आहे, तो आठवडाभर राहून गेला. तू म्हणायचास, "बॅटरी आहे अम्मा, करंट गेला तरी चालते." बॅटरीला काय खायला घातलं होतं? त्या दिवशी करंट गेलेला, आणि ओमना जेवणं आटोपून घरी गेली होती. मी खाली यायला निघाले आणि खुर्ची जिन्याच्या मध्यात थांबली. वरही जाईना, खालीही. गळ्यातल्या फोनवरून तुला फोन लावला. तू म्हणालास, "अजिबात हलायचं नाही. मी बघतो." मग तू कंपनीला फोन केलास, राजप्पनला केलास, लिजीच्या भावाला केलास. मला पुन्हा केलास तो हलले नाही ना, एवढं विचारायला. घाबरलीस का, हे नाही विचारलंस.

राजप्पन होडी वल्हवत, चिंब भिजून आला आणि त्याने मला उचलून खाली आणलं, असं तुला वाटतं. त्यावरूनच तू ती खोली ठरवलीस. माझ्या आईला शेजाऱ्याने पोत्यासारखं उचलावं लागतं, असं लिजीपाशी म्हणालास. तर खरं काय ते सांगते, त्यासाठीच हे पत्र. तो आला तेव्हा मी खाली होते. मी पट्टा सोडला, कठडा धरला, पायरीवर बसले आणि बसूनच एकेक पायरी उतरले, लहानपणी तू ओसरीच्या पायऱ्या उतरायचास तशी. शेवटच्या पायऱ्या तर उभ्याने. जिन्सी यायची थांबल्यापासून मी रोज वर खिडकीचे गज धरून पायाशी बोलत होते, तुला सांगितलं असतं तर तू गजांनाही कुलूप लावलं असतंस. राजप्पन आला तेव्हा मी अच्छनांच्या खोलीत त्यांच्या पलंगावर बसले होते आणि रडत होते, पण दुखत होतं म्हणून नाही. मीच त्याला म्हटलं, तूच उचललंस असं सांग, नाहीतर शिबू तुला उशिरा आलास म्हणून बोलेल आणि मला हलले म्हणून. तो म्हणाला, "चेच्ची, मी उभ्या जन्मात बकरी उचलली नाही, तुम्हाला काय उचलणार? पण सांगतो." ते खोटं आता माझ्याच अंगावर आलं. म्हणून मोडते आहे. मी तिरुवल्ल्याला जाणार नाही. पाणी चढलं तर ज्या पायांनी खाली आले त्याच पायांनी वर जाईन, आणि नाहीच जमलं तर राजप्पनची होडी आहे. तू ये, माझ्या शेजारी जिना चढून बघ, मग काय ते बोल.

दुसऱ्या दिवशी करंट आला होता, ओमनाने प्लग लावून खुर्ची वर नेली होती. ओमनाचा हात धरून मी पायांनी वर गेले, माझी उशी आणि पुस्तकं खुर्चीवर ठेवली, पट्टा लावला, बटण दाबलं, आणि ती खाली निघाली तशी तिच्या मागून एकेक पायरी उतरत अच्छनांच्या खोलीत आले.

तुझीच, खालच्या मजल्यावरून,
अम्मा