एका मौल्यवान चाहतीची निरवानिरव

मी, श्रीमती अनुराधा सूर्यकांत वायंगणकर, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा कॅफेटेरिया, मूळ गाव कुडाळ, सध्या राहणार रोला, शारजा, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे हे स्वखुशीने, कोणाच्या धाकाला वा गोड बोलण्याला न भुलता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी चौदा वर्षे शारजा शाहीन या आइस हॉकी संघाची पाठीराखी आहे, हे डॉक्टरांना सांगितलेले नाही. सांगितले असते तर दाखला मिळाला नसता.

शारजात दारू मिळत नाही. त्यामुळे खाली जो राग दिसेल तो पूर्ण शुद्धीतला धरावा.

वकील म्हणाले, "मॅडम, विलमध्ये एवढी स्टोरी लागत नाही." मी म्हटले, "मग ती तुमची विल होईल." ते पानांच्या हिशेबाने फी घेतात, म्हणून पुढे काही बोलले नाहीत.

कलम १. दिनांक २७ नोव्हेंबर २०२४ रोजी मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करते. त्यात मी माझा एकुलता एक मुलगा सुजीत यास काहीही ठेवले नव्हते आणि कुडाळचा फ्लॅट शारजा शाहीन पाठीराखे मंडळाला दिला होता. मंडळाचे सभासद नऊ. संघावर बहिष्कार घालावा की नाही यावरून महिन्याभरात चार आणि पाच असे दोन गट पडले आणि दोन्ही गटांनी स्वतंत्र अध्यक्ष नेमले. अशा लोकांच्या हाती मी माझी बाल्कनीसुद्धा देणार नाही. मात्र सुजीतने एवढ्यात हुरळून जाऊ नये. पुढे वाचावे.

कलम २. माझी नात पर्णिका नेहमी विचारते, "आजी, बट व्हाय हॉकी?" तिच्यासाठी लिहिते. २०११ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरचा एसी बंद पडला आणि मेकॅनिक चार दिवस "इन्शाल्ला, उद्या" म्हणत राहिला. तेव्हा यांनी, म्हणजे कैलासवासी सूर्यकांतांनी, मला बर्फाच्या हॉलमध्ये नेले. सराव सामना होता, प्रवेश मोफत. बाहेर सत्तेचाळीस डिग्री आणि आत मी शालीत. शेजारच्या खुर्चीवर एक बाई गोधडी पांघरून बसल्या होत्या. मी मराठीत पुटपुटले, "हे काय चाललंय काही कळत नाही." त्या म्हणाल्या, "मलाही नाय कळत, बाय. पण गार हाय ना." आणि अर्धी गोधडी माझ्या मांडीवर टाकली.

त्या हर्णैच्या मैमुनाबी. मुलगी अरफा आणि जावई यांच्याकडे राहत. आम्ही दोघी गारव्यासाठी गेलो आणि खेळाला लागलो. पुढे तेरा मोसम त्याच दोन खुर्च्या. सूर्यकांतांच्या माघारी, २०१६ नंतर, आठवड्यातून एकदा मी हसत असे ती तिथे. तेरा मोसमांत शाहीन एकदाही अंतिम फेरीत गेला नाही. चिकाटी काय असते हे मला कोणी शिकवू नये.

कलम ३. कुडाळचा फ्लॅट कोणाला, हे सांगण्याआधी तो सुजीतकडून का काढून घेतला होता ते सांगणे भाग आहे.

सुजीत लीगच्या कार्यालयात होता, जनसंपर्क विभागात. गेल्या वर्षी सप्टेंबरात अरफाच्या नवऱ्याची नोकरी संपली. त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि कुटुंब गावी गेले. मैमुनाबी मात्र अडून बसल्या. त्यांचे म्हणणे एकच होते, एक शेवटचा सामना बघून जाईन. दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा काढून त्या माझ्याकडे राहायला आल्या. पहिला सामना चार ऑक्टोबरला होता. एक ऑक्टोबरला संघमालकांनी हॉलला कुलूप घातले. मिळकतीत खेळाडूंचा वाटा किती, यावर करार होत नव्हता म्हणून टाळेबंदी.

दुसऱ्या दिवशी मला लीगचे पत्र आले. "प्रिय मौल्यवान चाहत्या, आपल्या भावना आम्ही समजू शकतो." खाली सही सुजीत वायंगणकर. पत्र पाठवणारा माझ्याच डायनिंग टेबलावर बसून माझ्याच हातची सोलकढी पीत होता. मी विचारले, "माझ्या भावना काय आहेत रे?" तो म्हणाला, "आई, ते टेम्पलेट आहे."

मैमुनाबी रोज जेवताना विचारत, "काय सुजीत, उघडतात काय?"

"बोलणी चालू आहेत, मैमुनाबी. होईल. थांबा थोडं."

त्या थांबल्या. दोनदा तिकीट पुढे ढकलले. सकाळी नमाज झाली की कॅफेटेरियात येऊन माझ्याबरोबर कोथिंबीर वड्या थापत आणि फोनवर बातम्या वाचत.

एकदा तर आम्ही दोघी, दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून, दुबईच्या त्या हॉटेलात गेलो जिथे वाटाघाटी चालल्या होत्या. लॉबीत थर्मास घेऊन बसलो. आधी मालकांचा प्रतिनिधी बाहेर आला आणि म्हणाला, हे सगळे आम्ही चाहत्यांसाठीच करतो आहोत. मग आमच्या संघाचा कप्तान आला. माझ्या कॅफेटेरियात एका बैठकीला तीन प्लेट साबुदाणा वडा खाणारा हा माणूस. तो म्हणाला, "आंटी, वी आर डुइंग धिस फॉर यू." दोन्ही बाजू आमच्यासाठीच झटत होत्या, फक्त सामना कोणी खेळत नव्हते. पर्णिकेला सांगितले तर ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "आजी, दे आर बोथ लायिंग." पंधरा वर्षांच्या मुलीला जे पहिल्या आठवड्यात कळले ते मला कळायला एकोणीस नोव्हेंबर उजाडला.

त्या दिवशी दुपारी कॅफेटेरियात फोन आला. गालिच्यांचे प्रदर्शन भरवणारा कोणी मॅनेजर होता. चारशे माणसांचा नाश्ता हवा होता, बर्फाच्या हॉलमध्ये. माझे हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर होता. मी हिंदीत म्हटले, "वो हॉल तो बंद है, भाईसाब. झगडा चल रहा है."

तो म्हणाला, "नहीं मॅडम, हॉल इकतीस दिसंबर तक हमारे पास है. अगस्त में बुक किया."

फोन ठेवल्यावर मैमुनाबींनी वडी थापायची थांबवली. "ऑगस्टात म्हणाला काय गो तो?"

"हो."

"म्हणजे आधीच ठरलेलं."

ऑगस्टात अजून करार संपलाही नव्हता. भांडण सुरू होण्याआधी मालकांनी भांडणाच्या दिवसांचे भाडे घेऊन ठेवले होते. व्यवहारज्ञान म्हणतात ते हेच.

संध्याकाळी सुजीत आला तेव्हा मी त्याला वाढले आणि विचारले, "गालिच्यांचं तुला माहीत होतं?"

त्याने मैमुनाबींकडे पाहिले आणि लगेच ताटाकडे. "आई, मी गुप्ततेच्या करारावर सही केलीय. मला बोलता येत नाही."

"थांबा, होईल, असं बोलता येत होतं ना?"

"ऑफिशियल लाइन तीच होती."

"कधीपासून माहीत होतं?"

"सप्टेंबर."

म्हणजे मैमुनाबींनी व्हिसा काढला त्याच्याही आधीपासून. मुग्धा, माझी सून, उठून स्वयंपाकघरात गेली. मैमुनाबींनी सुजीतच्या ताटात बांगड्याची आणखी एक तुकडी वाढली. ती त्याने कशी गिळली हे त्यालाच ठाऊक.

पंचवीस नोव्हेंबरला त्या गेल्या. विमानतळावर मी म्हटले, "माझ्या पोराने तुम्हाला फसवलं." त्या म्हणाल्या, "दोन महिने तुझ्या घरी ऱ्हायले ते काय फसवणूक होती?" आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या. दोन दिवसांनी मी वकिलांकडे गेले. त्या दिवशीचे मृत्युपत्र तेच, जे कलम १ मध्ये रद्द केले आहे.

कलम ४. नऊ जानेवारीला समेट झाला. वाटा दोन टक्क्यांनी इकडचा तिकडे झाला म्हणे. यासाठी शंभर दिवस. माझे यजमान अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये होते. तिथे चार महिने पगार झाला नाही तेव्हा कोणी पत्रकार परिषद घेतली नव्हती, की त्यांना कोणी मौल्यवान म्हटले नव्हते. असो. पहिल्या सामन्याला बर्फावर निळ्या अक्षरांत "चाहत्यांनो, धन्यवाद" लिहिले होते असे ऐकले आणि प्रत्येकाला पॉपकॉर्न फुकट. पंधरा दिरहमचे, म्हणजे साडेतीनशे रुपयांचे. मी आजन्म बहिष्काराची शपथ घेतली होती. ती मी दीड सामना पाळली. उरलेल्या अर्ध्या सामन्याला शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस बसला होता आणि त्याला खेळातले सगळे कळत होते. मला त्याचा फार त्रास झाला.

यास्तव: (अ) संघमालकांस मी "मौल्यवान चाहती" हे पद परत करते. (आ) कप्तानास माझ्या कॅफेटेरियात चहा मिळेल. साबुदाणा वडा मिळणार नाही, माझ्या मृत्यूनंतरही नाही. (इ) त्याने सही करून दिलेली हॉकी स्टिक शटर खाली ओढायला उत्तम आहे. ती कॅफेटेरियातच राहावी.

कलम ५. मोठी कढई, दोन्ही वेट ग्राइंडर आणि कॅफेटेरियाच्या मिळकतीतला निम्मा हिस्सा जुलेखा यांस द्यावा. अठरा वर्षे त्या माझ्याबरोबर उकळत्या तेलासमोर उभ्या आहेत आणि एकदाही त्यांनी हे माझ्या भावनांसाठी करत असल्याचे म्हटले नाही. माझ्या पाटल्या पर्णिकेस. पुस्तके वाचणाऱ्या मुलीला पाटल्या कशाला असे ती म्हणेल. इंग्रजीत म्हणेल. तरी द्याव्यात.

कलम ६. आता सुजीत.

त्या मृत्युपत्रानंतर चार महिने आम्ही एका घरात राहून फक्त "जेवलास?" आणि "हो" एवढेच बोललो. ईदच्या सुट्टीत तो चार दिवस कुठे तरी गेला. म्हणाला, काम आहे. परत आला तेव्हा हात उन्हाने रापलेले होते. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आठवड्याने मैमुनाबींचा फोन आला.

"तुझा पोरगा आलेला गो, ईदला."

"कशाला?"

"मला काय ठाऊक? दोन दिस होता. शीरखुर्मा प्याला. म्हणाला, मैमुनाबी, मी खोटं बोललो तुमच्याशी. मी म्हटलं, ते ऱ्हाऊं दे. आता तरी खरं सांग. यंदा आपण जिंकतो काय?"

"मग?"

"म्हणाला, नाही जिंकत. गोलकीपरचा गुडघा गेलाय, कुणाला सांगितलं नाय अजून."

लीगमध्ये खेळाडूची दुखापत बाहेर सांगणे हा गुप्ततेच्या कराराचा सरळ भंग. सुजीतला हे माहीत होते, कारण तो करार समजावून सांगण्याचे कामही त्याच्याकडेच होते. मैमुनाबींनी ते विश्वासाने फक्त अरफाला सांगितले. अरफाने विश्वासाने फक्त पाठीराख्यांच्या ग्रुपवर टाकले. अकरा एप्रिलला उपांत्य सामन्यात आम्ही सहा-एकने हरलो. हॉलमधली माणसे रडत होती. हर्णैला एक बाई फोन मांडीवर ठेवून निवांत वड्या खात होती.

चौकशी झाली. सुजीत म्हणाला, मीच सांगितले. एप्रिलअखेर त्याला काढून टाकले. व्हिसा रद्द होऊन देश सोडायची मुदत सुरू झाली, मुग्धाच्या शाळेच्या पगारावर घर आले. त्या रात्री जेवताना मी विचारले, "हे तू मैमुनाबींसाठी केलंस?"

तो म्हणाला, "नाही. त्यांनी विचारलं, आणि मला ऑफिशियल लाइन आठवेना."

मी त्याच्या ताटात भात वाढला आणि दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियाच्या लायसन्सवर त्याचा व्हिसा काढायला अर्ज केला.

म्हणून कुडाळचा फ्लॅट आणि कॅफेटेरियाचा उरलेला निम्मा हिस्सा सुजीत सूर्यकांत वायंगणकर यास द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुग्धाने करावी. घरात कराराची भाषा न वापरणारी तीच एक आहे.

कलम ७. दर मोसमाच्या पहिल्या सामन्यासाठी मैमुनाबींस हर्णैहून आणण्याचा व्हिसा, विमान आणि गाडी यांची तजवीज माझ्या बचतीतून करावी. सध्याचा खेळाडू-मालक करार २०२७ ला संपतो. त्या वर्षी तिकीट काढण्यापूर्वी, ऑगस्टात हॉल कोणी भाड्याने घेतला आहे का, हे सुजीतने स्वतः जाऊन बघून यावे.

कलम ८. हे मृत्युपत्र लिहायला बसले असताना, आता कॅफेटेरियात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या सुजीतने माझ्यासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला आहे. कॅफेटेरियात दर शुक्रवारी पूर्ण सुट्टी, ओव्हरटाइमचा वेगळा दर आणि साबुदाणा भिजवायचे काम इतर कोणाकडे. खाली जुलेखाचीही सही आहे. मी म्हटले, विचार करते. तो म्हणाला, "आई, तारीख सांग." मी तारीख सांगितली आहे. ओव्हरटाइम मान्य, शुक्रवारची सुट्टी मान्य. साबुदाण्यावर बोलणी चालू आहेत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो पटला, आणि खालच्या दोघांच्या देखत मी सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

श्रीमती अनुराधा सूर्यकांत वायंगणकर (सही)

साक्षीदार:
१. राहिल, हॉलमध्ये बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवतात. टाळेबंदीत शंभर दिवस बिनपगारी घरी होते. त्यांना कोणाचेही पत्र आले नाही. (सही)
२. सुमैय्या, वरच्या मजल्यावरच्या शेजारीण. हॉकीतले काहीही कळत नाही, म्हणून विश्वासार्ह. (सही)

स्थळ: रोला, शारजा
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५