आत्याला नायगारा तिसऱ्यांदा

हॅमिल्टन, कॅनडा
३१ ऑगस्ट १९८६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात माझं डोकं फिरलं आहे. द्वारकाआत्याला येऊन तीन आठवडे झाले. नायगारा दोनदा दाखवला, टोरांटोचा उंच मनोरा दाखवला. मनोऱ्यावर तिने डोळे मिटून जप केला आणि उतरल्यावर छान होतं म्हणाली. रोज सकाळी मात्र एकच टुमणं, की हेमे, तुझी बँक दाखव, तू बसतेस ती खुर्ची एकदा बघितली की मी मिरजेला जायला मोकळी.

आई, ही बँक कुणी काढली? तू! श्रीरंगची नोकरी गेली आणि मला किराण्याच्या मोठ्या दुकानात, मांस कापून देण्याच्या काउंटरवर काम मिळालं, हे मी तुला गेल्या वर्षीच कळवलं होतं. तू गल्लीभर बँक सांगून मोकळी झालीस. आता मी रोज इस्त्रीचे कपडे घालून निघते आणि दुकानात जाऊन बदलते. जिने मला मांडीवर घेऊन भरवलं, तिच्याशी रोज खोटं बोलते. मला कामाची लाज नाही वाटत, या नाटकाची वाटते. मी तिला खरं सांगणार आहे.

बाबांना नमस्कार. तुझ्यावर रागावलेली तरी तुझीच,
हेमा

मिरज
११ सप्टेंबर १९८६

चि. सौ. हेमास,
अनेक आशीर्वाद.

खबरदार सांगशील तर! वन्संचं सोवळं तुला ठाऊक नाही का? केकात अंडं असेल म्हणून जोशांच्या नातवाच्या वाढदिवसातून तशाच उठून आल्या होत्या. तुझ्या हातचं पाणी पिणार नाहीत, मिळेल त्या विमानाने परत येतील आणि जन्मभर तुझं तोंड बघणार नाहीत. इथे माझी काय शोभा होईल ते वेगळंच. तुझे बाबा बहिणीच्या शब्दाबाहेर नाहीत. मी बँक सांगितली ती तुझ्याच भल्यासाठी. तूच मला बोल लावतेस, याला काय म्हणावं?

त्यांना नायगारा तिसऱ्यांदा दाखव. पाणी काय, वाहतंच आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. माझं ऐक, एवढंच मागणं.
तुझी आई

हॅमिल्टन
२४ सप्टेंबर १९८६

चि. सौ. इंदिरास,
आशीर्वाद.

काल मला नायगारा तिसऱ्यांदा दाखवला. मी काय पाण्याची मोजदाद करायला आले आहे?

आज हेमा गेल्यावर धुण्याच्या यंत्रात कपडे टाकायला गेले, तर पांढरा एप्रन हाती लागला. त्यावर रक्ताचे डाग. पोरीला काही झालं की काय, या धास्तीने श्रीरंगला समोर बसवलं. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, तुझं पत्रही दाखवलं.

एप्रनला हात लागल्यावर मी आंघोळ केली. खोटं कशाला सांगू, साठ वर्षांची सवय आहे. पण आंघोळ करताना संतापाने रडू आलं. माझं सोवळं माझ्या चुलीपुरतं. आठ तास उभी राहून संसार ओढणाऱ्या पोरीला माझ्या नावाचा बागुलबुवा दाखवायला तुला कुणी सांगितलं? जन्मभर तोंड बघणार नाही म्हणे! अगं, तुला बाळंतपणानंतर उठवत नव्हतं, तेव्हा तिला कुणी वाढवली? आणि जोशांकडून उठून आले, कारण त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. चारचौघांत ते सांगणार होते का?

उद्या मी बसने एकटी तिच्या दुकानात जाणार आहे. कुठे उतरायचं ते श्रीरंगने कागदावर लिहून दिलं आहे. हेमाला बोललास तर याद राख, असं त्याला बजावलं आहे.

माझ्या भावाला सांभाळ. त्याच्याशी तरी खरं बोलत जा.
द्वारका

हॅमिल्टन
२८ सप्टेंबर १९८६

ती. आईस,
सा. न.

गुरुवारी आत्या दुकानात आली. साडेअकराची गर्दी होती. नऊवारी, वर माझा जुना कोट, पायात श्रीरंगचे बूट. तिला बघून माझ्या हातातली सुरी थांबली. वाटलं, आता ही पाठ फिरवणार आणि सगळं संपलं.

आमच्याकडे यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढून थांबावं लागतं. पुढच्यांचं बघून तिनेही चिठ्ठी काढली आणि नाकाला पदर लावून रांगेत उभी राहिली. एका गृहस्थाने तिला पुढे जायला खुणावलं, तर तिने जोरात मान हलवली. वीस मिनिटं उभी होती. नंबर आल्यावर तिने चिठ्ठी काचेवर ठेवली, नाकावरचा पदर काढला आणि खणखणीत मराठीत विचारलं, की जेवलीस का गं? पिशवीतून डबा काढला. थालीपीठ होतं. माझे हात खराब आहेत म्हटलं, तर म्हणाली, मग धुऊन ये, मी कुठे जातेय?

मागे लोक खोळंबले होते. आमच्या मुकादमबाईंनी ही कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझी आई.

तुला वाईट वाटेल. वाटू दे.

हेमा