कोंबड्यांचा चार्ज माझ्याकडे

४ एप्रिल १९७१, रविवार
शेजारच्या गावात मानमोडी आली. कोंबड्या पटापट मरतायत. आमच्या कोंबड्या हिने छबूच्या बाळंतपणासाठी राखल्यात. पोरीचं पहिलंच बाळंतपण, अंगात रक्त नाही, मे महिन्यात माहेरी येतेय. हिला सांगितलं, काळजी सोड, आजपासून चार्ज माझ्याकडे. भिंगारला मिलिटरी स्टोअर सांभाळणाऱ्याला कोंबड्या काय जड आहेत?

६ एप्रिल
नगरच्या जनावरांच्या दवाखान्यातून लस आणली. थर्मासमध्ये बर्फ. डॉक्टर म्हणाले, बर्फ विरघळू देऊ नका, आजच टोचा. वाटेत हॉटेलात मंडळींना रोगाची माहिती दिली. थर्मास सगळ्यांनी उघडून पाहिला. घरी पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं. पाणी गारच होतं. उद्या टोचू.

७ एप्रिल
कॅज्युअल रजा घेतली. ही म्हणाली, दिसाची कोंबडी हाती लागत न्हाई, सांजंला खुराड्यात आल्यावर धरू. मी म्हटलं, डिसिप्लिन लागलीच पाहिजे. दुपारपर्यंत तीन धरल्या. बाकीच्या शेजारी बायडाबाईच्या पत्र्यावर. माझं धोतर बाभळीत. सांजेला हिने एकेक करून गुपचूप धरून दिल्या. सर्वांना टोचलं. मोहीम फत्ते.

११ एप्रिल, रविवार
बाजारातून कोंबडा आणला. स्वस्त. स्वभावाने शांत, एका जागी डोळे मिटून बसतो. ही म्हणाली, तुरा निळा दिसतोय. बायकांना खोड काढायची सवयच. आपल्या कोंबड्या लसवाल्या, आता भीती कसली? सोडला त्यांच्यात.

१५ एप्रिल
कोंबडा वारला. ऊन फार आहे. उकिरड्यावर टाकला. पुरायला हिने सांगितलं होतं, पण जमीन दगडासारखी.

१९ एप्रिल, सकाळी
तीन कोंबड्या माना वाकड्या करून गोल फिरतायत. हिरवी विष्ठा. लस हलकी असणार. डॉक्टरांना कडक शब्दांत लिहायला हवं.
संध्याकाळी बायडाबाई कुंपणाशी आल्या. त्यांच्याही चार पडल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमचा कोंबडा माझ्या उकिरड्यावर कुनी टाकला? मी म्हटलं, उकिरडा सामाईक आहे. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

२३ एप्रिल
शेवटची उरलेली तुरेवालीही गेली. ही रडली नाही. खुराडं झाडलं, चुना टाकला, मेलेल्या सगळ्या खोल पुरल्या. जमीन खणता येते असं दिसलं. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. फार वाईट वाटलं. डॉक्टरांना पत्र लिहिलं नाही.

२ मे
छबू आली. तोंड पांढरं पडलंय. मेहुणा मच्छिंद्र त्याच्या गावाहून अंड्यावर आलेली कोंबडी घेऊन आला. मी पुढे झालो, हिला म्हटलं, या कोंबडीचा चार्ज मी घेतो. ही मधे उभी राहिली. कोंबडी माजघरात नेऊन डालग्याखाली ठेवली आणि मला म्हणाली, तुमी पायतान घालून उकिरड्यापातूर फिरता, उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. आंघोळ केली, धोतर बदललं, तरी घेतलं नाही. ताट ओट्यावर आलं.
छबूने आतून विचारलं, आबा भाईर का जेवत्यात? ही म्हणाली, कोंबडी जगवायची हाय.
भाकरी गार झाली होती.