भिमाजीची राहिलेली साक्ष

मी, सोजराबाई भ्रतार कै. सोपानराव येळवंडे, वय अदमासे बासष्ट, धंदा शेती, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, आज माझ्या ओसरीवर बसून, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. छातीत पाणी झाल्याचे डॉक्टर म्हणतात. पाणी छातीत झाले आहे, डोक्यात नाही, हे माझे दीर हिंदुराव यांनी ध्यानात ठेवावे. म्हातारीला भ्रम झाला होता असे ते उद्या कोर्टात सांगतील, म्हणून हे वाक्य सगळ्यात आधी घातले.

लिहिणारे नानासाहेब मास्तर शाळेवर बदलून आले आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. ते माझे बोलणे शुद्ध करून लिहितात. त्यांना मी सांगितले आहे की भाषा हवी तेवढी सुधारा, राग मात्र सांगितला तेवढाच लिहा.

कलम १. माझ्या वहिवाटीत पुणे-नाशिक सडकेलगतची तीन एकर जमीन, विहिरीतला आठ आण्यांचा हिस्सा, हे तीन खणांचे घर आणि चांद्या नावाचा एक बैल आहे. एकोणीस वर्षांपूर्वी माझे यजमान वारले. त्यानंतर पंचांनी ही जमीन मला पोटगीपुरती दिली व मी मेल्यावर ती हिंदुरावांकडे परत जाईल असे ठरवले. मागल्या वर्षी सरकारने कायदा केला. खेडच्या वकिलांनी मला तो दोनदा वाचून दाखवला. विधवेच्या ताब्यातली अशी जमीन आता तिच्या पूर्ण मालकीची. हे ऐकल्यापासून हिंदुराव माझ्या तब्येतीची चौकशी करायला रोज येतात. एकोणीस वर्षांत त्यांना माझा खोकला कधी ऐकू आला नव्हता.

कलम २. जमीन, विहिरीचा हिस्सा, घर आणि माझ्या चांदीच्या पाटल्या मी छबूबाईस देते. छबू ही हिंदुरावांचीच मुलगी. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला घालवून दिले, आणि बापाने तिचे गाठोडे दारातून आत येऊ दिले नाही. भर दुपारी ती बांध ओलांडून माझ्याकडे आली, त्याला सात वर्षे झाली. तेव्हा जमीन घराण्याबाहेर गेली अशी ओरड हिंदुरावांना करता येणार नाही. त्यांच्याच रक्ताला दिली आहे. फक्त त्यांना नाही दिली.

छबूने ही जमीन पुण्याच्या कोणत्याही शेटजीला विकू नये. हिंदुरावांनी मागल्या पौषात एक शेटजी मोटारीतून आणला होता. त्याला माझ्या शेतात हवा खायला बंगला बांधायचा आहे. माझ्या हरभऱ्यात बूट घालून उभा राहिला आणि म्हणाला, "काय शांत गाव आहे हो!" शांत असणारच. इथे बोलायच्या वेळी सगळे तोंड दाबून बसतात. असली शांतता मी एकोणीस वर्षे खाल्ली आहे, ती हवेशीर नसते.

कलम ३. हिंदुराव दर वर्षी नांगरताना मधला बांध वीतभर कोरतात. अशी आजवर नेलेली सगळी माती मी त्यांना बक्षीस देते. बाकी त्यांना काही नाही. माझ्या मयतीला त्यांनी यावे, गाव काय म्हणेल म्हणून ते येतीलच. पण पुढे मडके त्यांनी धरायचे नाही. मडके धरणारा वारस असतो हे त्यांना चांगले ठाऊक आहे. मडके छबूने धरावे. बाईमाणूस मडके धरत नाही असे कोणी म्हणाले तर म्हणू द्यावे, माझ्या कानाला त्याचा त्रास होणार नाही.

कलम ४. हिंदुरावांची बायको दुर्गाबाई हिने माझी तांब्याची घागर बारशाला म्हणून नेली. ज्याचे बारसे होते त्याला आता मिशी फुटली. घागर तिलाच दिली असे समजावे. तिने ती फळीमागून काढून आता उजळ माथ्याने पाण्याला न्यावी.

कलम ५. आता बैल.

बाईने नांगर धरायचा नाही ही आमच्याकडची रीत. माझ्याकडे बैल एक, आणि एका बैलाने नांगर चालत नाही. बांधापलीकडचे भिमाजी कड यांच्याकडेही एकच बैल. म्हणून यजमानांच्या वेळेपासून आमची सावड आहे. दोघांचे बैल एका जुवाखाली, आधी त्यांचे रान, मग माझे. नांगर ते धरतात, आणि त्या बदल्यात त्यांची खुरपणी मी व छबू करतो. यजमान गेले तरी सावड मोडली नाही. बोलणे मात्र मोडले.

ते का मोडले ते लिहा, मास्तर. यजमान तापाने पडले होते. शेवटच्या दिवशी हिंदुराव समोर असताना ते म्हणाले, "भिमा, माझी अर्धी वाटणी हिच्या नावावर. कायमची. तू साक्ष." चौदाव्या दिवशी पंच बसले. हिंदुराव म्हणाले, भाऊ असे काही बोललाच नाही. पंचांनी भिमाजींना विचारले. भिमाजी तेव्हा हिंदुरावांची जमीन खंडाने कसत होते. त्यांनी आपल्या वहाणांकडे बघितले आणि बराच वेळ बघतच राहिले. मी दाराआड उभी होते. माझ्या नवऱ्याचा शब्द त्या माणसाने वहाणेखाली घातला.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. पण नांगरट थांबत नाही. म्हणून मी त्यांच्या बैलाशी बोलते. "हरण्या, तुझ्या मुक्या धन्याला सांग, पेरणी उद्याच हवी." मग ते माझ्या बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणतात, "चांद्या, मालकिणीला सांग, रान अजून ओलं हाय, परवा बघू." एकोणीस वर्षांत दोन्हीकडचे मिळून पाच बैल झाले. त्या मुक्या जनावरांनी आमचे जेवढे ऐकले तेवढे गावात कोणी ऐकले नसेल.

हेही लिहा की ते एकदाही चुकले नाहीत. माझे रान नेहमी वेळेवर नांगरले. मला देवी आल्या त्या वर्षी त्यांनी आपल्या आधी माझे पेरले. हे खरे आहे म्हणून सांगते. मी माफ केले असा अर्थ कोणी काढू नये.

तर चांद्या मी भिमाजी कडांना देते. मी गेल्यावर सावडीचे काय होईल कोण जाणे, त्यांच्या हाती निदान एक जोडी असावी.

कलम ६. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक मास्तर. दुसऱ्यासाठी मी गावातल्या तिघांना विचारले. एकाची कंबर धरली, एकाला डोळ्यांनी दिसेना, तिसऱ्याला आठवडाभर खेडला राहायचे होते. काल शनिवारच्या बाजारात तिघेही कांद्याच्या ढिगाशी ठणठणीत उभे होते. हिंदुराव पंचायतीत आहेत, त्यांच्याविरुद्ध अंगठा उठवायला कोणी तयार नाही.

म्हणून मी छबूला पाठवून भिमाजींना बोलावले. आत्ता ते समोर खांबाला टेकून बसले आहेत आणि हे सगळे ऐकत आहेत. यंदाच्या कूळकायद्याने खंडाची जमीन त्यांचीच झाली, हिंदुरावांची भीती उरली नाही. भीती गेल्यावर दिलेल्या साक्षीत काय मोठेपणा? पण मला दुसरा माणूस नाही.

इथे मास्तरांनी लेखणी थांबवली. ते म्हणाले, "बाई, वकील काय बोलले ते आठवा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष कोर्टात लंगडी पडते. बैलासाठी सही केली असं हिंदुराव म्हणतील, आणि छबूची जमीन जाईल."

खरे आहे. मी विसरले होते. ही चूक माझी.

मग मी भिमाजींच्या तोंडाकडे न बघता दावणीकडे बघून म्हणाले, "चांद्या, त्यांना सांग. एक तर तू मिळशील, नाही तर सही करता येईल. दोन्ही नाही. बैल नेला तर मला राग नाही, आहे तेवढा पुरे आहे. पण सही नाही झाली तर हा कागद चुलीत घालावा लागेल." हे मास्तरांनी जसेच्या तसे लिहिले आहे.

भिमाजी उठले. मला वाटले, चालले. त्यांचा हरण्या म्हातारा झाला आहे, नवा बैल घेण्याची त्यांची ऐपत नाही, हे मला माहीत आहे. ते दावणीशी गेले. चांद्याच्या मानेवर हात ठेवला. मी वाट बघत राहिले की ते आता त्याला काहीतरी सांगतील. त्याला काही सांगितलेच नाही. वळले, सरळ माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "वहिनी, सही कुठं करू?"

एकोणीस वर्षे मी या वेळेसाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. एकही आठवली नाही. एवढेच म्हणाले, "आधी बसा. मास्तर सांगतील."

कलम ७. कलम ५ मधील बैल देण्याचा मजकूर रद्द. चांद्या छबूबाईस दिला आहे. तिने भिमाजी कडांशी सावड चालू ठेवावी आणि त्यांच्याशी तोंडाने बोलावे.

खाडाखोड नाही. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. हा माझा पहिला आणि शेवटचा कागद.

मुक्काम चाकण, दिनांक २४ नोव्हेंबर १९५७.

सोजराबाई भ्रतार सोपानराव येळवंडे, डाव्या हाताचा अंगठा.

लेखक व साक्षीदार १: नानासाहेब मास्तर, प्राथमिक शाळा, चाकण. अंगठा माझ्यासमोर उठवला.

साक्षीदार २: भिमाजी राघू कड, राहणार चाकण. अंगठा माझ्यासमोर उठवला. सोपानराव अर्धी वाटणी वहिनीला कायमची देतो म्हनले ते मी माझ्या कानानं ऐकलं व्हतं. तवा बोललो न्हाई. आज बोलतो.