पोपट फिरायला गेला आहे

३ मार्च, सोमवार. स. ८
बायको पंधरा दिवस बहिणीकडे. तिचा जीव की प्राण असलेला पोपट माझ्यावर सोपवून गेली, वर सतरा सूचना. एकीचीही गरज नव्हती. पोपटांचं मानसशास्त्र मला उपजत कळतं.

६ मार्च, गुरुवार. सायं. ६
दुपारी पिंजरा साफ करताना दार उघडं राहिलं. पोपट फिरायला गेला आहे. 'पळाला' म्हणणं चूक. भूक लागली की येईल.

७ मार्च
बायकोचा फोन. पोपटाशी बोलायचंय म्हणाली. झोपलाय म्हटलं. खोटं नाही, कुठेतरी झोपलाच असेल.

९ मार्च, रविवार
पत्ता लागला! गल्लीच्या टोकाला वाचनालयामागच्या झाडावर तीसेक पोपटांचा थवा आहे. वॉचमन म्हणाला, सगळे घराघरांतून पळालेले. एक डोअरबेल वाजवतो, एक म्हाताऱ्यासारखा खोकतो, एक "कोण पाहिजे?" विचारतो. आपला मी लगेच ओळखला. या तिसांतलाच एक.

१० मार्च
प्लॅन पक्का. रोज दोन वेळा झाडाखाली पेरू घेऊन उभं राहायचं आणि प्रेमळ आवाजात एकच वाक्य: "ये रे राजा, तिला कळायच्या आत ये!" बायको यायच्या आत पोपट पिंजऱ्यात.

१४ मार्च
पेरू खातात आणि उडतात. म्हणजे विश्वास बसतोय. ऑफिसला चौथ्यांदा लेट. साहेबांना ट्रॅफिक सांगितलं. मी चालत जातो हे त्यांना माहीत आहे.

१६ मार्च, रविवार
यश! वरून आवाज आला, "तिला कळायच्या आत ये!" आपलाच! मग दुसरा म्हणाला. मग तिसरा. मग अख्खं झाड. वॉचमन हसून हसून खाली बसला. वाचनालयातल्या दोन बायका बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना भलताच संशय आला असावा.

१८ मार्च, मंगळवार
बायको रिक्षातून उतरली आणि थवा डोक्यावरून गेला, एकसुरात तेच वाक्य ओरडत. आवाज माझाच. ही 'ती' कोण, असं तिने विचारलं. सगळं कबूल केलं. ती पायरीवर बसली. रडतेय वाटलं, हसत होती. म्हणाली, उडून आपल्या भाऊबंदांत जावा म्हणून मीच दोन महिने रोज मुद्दाम दार उघडं ठेवत होते. बाहेर डोकवायचा, परत आत यायचा. तुमच्यापाशी तीन दिवस राहिला आणि गेला.

चूक. साडेतीन दिवस राहिला होता.