बाद केलेलं मत

॥ श्री ॥
१३ डिसेंबर २०००, हेन्डरसन

संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं, अमेरिकेच्या कोर्टाने अध्यक्षपदाची फेरमोजणी कायमची थांबवली. मी तावातावाने म्हणालो, "मतदाराच्या मनात काय होतं ते कळतंय ना? मग मोजायला यांचं काय जातं?"

मीनल पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आणि रविवारी तू काय केलंस?"

रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि मी निवडणूक अधिकारी. एका मतपत्रिकेवर शोभाताईंच्या नावापुढे ठळक फुली होती, पण अगदी वर, मधोमध, 'श्री' लिहिलेलं. मतदार ओळखू येईल अशी जादा खूण असली की मत बाद, हा नियम. मी बाद केलं. शोभाताई एका मताने पडल्या. फेरमोजणीचा त्यांचा अर्ज तीन दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

'श्री'वरून कोण ओळखू येणार होतं? कुणीतरी सवयीने लिहिलं असणार. पण नियम म्हणजे नियम... असंच ते जज्जही म्हणाले असतील.

एवढं लिहून पान वरपासून वाचायला घेतलं. तारखेच्याही आधी, मधोमध, माझ्याच हातचं 'श्री'.